किरणांची मात्रा: मेंदूत पसरलेल्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास

श्रोतेहो, कर्करोग हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतही अनोळखी राहिलेला नाही. या दुखण्यासाठी मुंबईच्या परळला जाऊन आलेला एखादा तरी माणूस पंचक्रोशीत सापडतो. दुखणे छातीत किंवा फुप्फुसात आहे तोवर घरची माणसे धीर धरून असतात. पण ‘आता ते मेंदूत गेलं’ असे डॉक्टरांनी सांगितले, की सर्वांचे हातपाय गळतात. कोणी म्हणते, आता घरी नेऊ आणि देवाचे नाव घेऊ. कोणी म्हणते, जमीन विकू, पण सगळ्यांत मोठ्या यंत्राखाली ठेवू. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. ती जागा शंभर-सव्वाशे वर्षांच्या खटपटीतून तयार झाली आहे. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. कोणता उपचार घ्यावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र जे उपचार आज आपल्यापुढे ठेवले जातात ते कोणत्या अनुभवातून आले, हे ठाऊक असले म्हणजे डॉक्टरांशी चार शब्द नीट बोलता येतात.

प्रथम मेंदूची रचना ध्यानात घेऊ. मेंदू आणि त्याच्यापासून कण्यातून खाली उतरणारा मज्जारज्जू या दोहोंवर तीन आवरणे असतात. आतल्या दोन आवरणांच्या मधून एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे दीडशे मिलिलिटर असतो. पण दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना शोषला जातो. म्हणजे हे साचलेले डबके नव्हे, वाहते पाणी आहे.

आता कर्करोग येथे दोन वाटांनी येतो. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचा येथील रोगाच्या पेशी रक्ताबरोबर वाहत येऊन मेंदूत अडकतात आणि तेथे गाठी धरतात. ही पहिली वाट. शेतात हरळीचे ठोंब जागोजाग धरावेत तसा हा प्रकार. दुसऱ्या प्रकारात रोगाच्या पेशी त्या वाहत्या पाण्यातच शिरतात. पाटाच्या पाण्यात तणाचे बी पडले म्हणजे ते ज्या ज्या वाफ्याला पाणी जाते तेथे उगवते. तशा या पेशी डोक्यापासून कंबरेपर्यंत आवरणांवर कोठेही रुजतात. एबर्ट नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८७० साली हा दुसरा प्रकार शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवला. जिवंत रोग्याच्या कण्यातून सुईने पाणी काढण्याची रीत क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ साली घालून दिली. ते पाणी तपासून हा रोग जिवंतपणी ओळखता येऊ लागला. परंतु ओळखून करायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

औषध द्यावे तर तेथेही अडचण. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्याच्या रक्तात रंग टोचला. साऱ्या शरीराचे अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. त्याचे कारण पुढे उलगडले. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की रक्तातले पुष्कळ पदार्थ त्या आत सोडतच नाहीत. निसर्गाने हा दरवाजा मेंदूच्या रक्षणासाठी बसवला. पण त्याच दरवाजाने कित्येक औषधेही बाहेरच थोपवली जातात. किरणांना असा दरवाजा आडवा येत नाही. म्हणून या रोगाचा इतिहास पुष्कळ अंशी किरणोपचाराचा इतिहास झाला.

जर्मनीतील व्युर्ट्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधले. या किरणांनी रोगट पेशी मरतात हे लवकरच दिसून आले; पण चांगल्या पेशीही मरतात हे त्याहून लवकर दिसले. त्या काळच्या नळ्यांचे किरण दुबळे होते. मेंदूपर्यंत पुरेसे पोचेपर्यंत वरची कातडी भाजून निघे. तेव्हा दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. पहिली, मात्रा एकदम न देता थोडी थोडी द्यायची. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉद रगो आणि आंरी कुतार यांनी १९२० नंतरच्या दशकात ही रीत बसवली. दोन हप्त्यांच्या मध्ये चांगल्या पेशी आपली डागडुजी करून घेतात. रोगट पेशींना ते तितकेसे साधत नाही. दुसरी गोष्ट अधिक भेदक किरणांची. १९५१ साली कॅनडात, लंडन आणि सास्काटून या दोन गावी, कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूची यंत्रे सुरू झाली. त्यांचे किरण कातडीला फारसा चटका न देता खोल जात. पुढे विजेवर चालणारी, दवाखान्यात ज्यांना लिनॅक म्हणतात ती, यंत्रे आली. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात १९५३ साली अशा यंत्रावर रोग्यांना उपचार मिळू लागले.

यंत्र हाती आले. आता किरण सोडायचे किती जागेवर? येथून पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पाण्यातून पसरणाऱ्या रोगाचे उत्तर आधी मिळाले, आणि ते लहान मुलांच्या एका रोगात मिळाले. मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ मुलांच्या लहान मेंदूत उगवते आणि तिच्या पेशी पाण्यात उतरून कण्यापर्यंत जातात. अमेरिकेतील विख्यात मेंदुशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३० साली आपल्या ६१ रोग्यांचा हिशेब मांडला. तीन वर्षे जगलेला रोगी होता फक्त एक. गाठ काढावी तरी बी पाटात राहिलेले असे. मँचेस्टरच्या एडिथ पॅटर्सन यांनी या गोष्टीचा सरळ अर्थ घेतला. रोग जेथवर पाणी जाते तेथवर जात असेल, तर किरणही तेथवर दिले पाहिजेत. त्यांनी संपूर्ण डोके आणि संपूर्ण कणा किरणांखाली घेतला. १९५३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीन वर्षे जगलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. आधी ६१ जणांत एक, आणि आता तिघांत दोन! एवढा फरक वैद्यकाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५४ साली, न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळातील डॉक्टरांनी मोठ्या माणसांचा अनुभव लिहिला. इतर अवयवांतून मेंदूत रोग गेलेल्या ३८ रोग्यांच्या सबंध मेंदूला त्यांनी क्ष-किरण दिले होते. निम्म्याहून अधिक जणांची डोकेदुखी, उलट्या, हातापायांची दुर्बलता कमी झाली. रोग मुळातून गेला नाही. पण चार दिवस सुखाचे मिळाले. तेव्हा डोक्याच्या आतले चित्र दाखवणारी सीटी, एमआरआय ही यंत्रे नव्हती. गाठ एक आहे की दहा, हेच दिसत नसे. म्हणून सगळ्या शेताला फवारणी करावी तसे सगळ्या मेंदूला किरण देणे, हीच शहाणपणाची रीत ठरली. किरणांचे माप आता ‘ग्रे’ या एककात सांगतात. तीस ग्रे, दहा हप्त्यांत, दोन आठवड्यांत, असा प्रघात पुढे जगभर पडला आणि आजही तो पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

या नाण्याची दुसरी बाजू लहान मुलांमुळेच प्रथम स्पष्ट दिसली. शिक्षक बंधुभगिनींनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा. १९६२ साली अमेरिकेत मेंफिस येथे सेंट ज्यूड हे मुलांचे इस्पितळ उघडले. तेथे डोनाल्ड पिंकेल आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. औषधांनी मुलांचे रक्त स्वच्छ होई, घरी आनंद होई. आणि काही महिन्यांनी रोग मेंदूच्या आवरणांतून पुन्हा डोके वर काढी. औषध जेथे पोचत नाही अशा त्या पाण्यात तो दडून बसलेला असे. पिंकेल यांनी ठरवले, की रोग दिसण्याची वाट पाहायची नाही. १९६७ पासून त्यांनी मुलांच्या डोक्याला २४ ग्रे किरण आणि कण्यातील पाण्यात थेट मेथोट्रेक्सेट हे औषध द्यायला सुरुवात केली. ज्या रोगात पूर्वी जवळजवळ सगळीच मुले दगावत, तेथे सुमारे निम्मी मुले बरी झाली.

बरी झालेली ही मुले मोठी होऊ लागली, शाळेत बसू लागली. आणि मग वर्षा-दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, त्यांच्यापैकी कित्येकांत उणीव दिसू लागली. पाठांतर राहत नाही, गणित मागे पडते, लक्ष टिकत नाही, उंची वाढत नाही. जितके मूल लहान असताना किरण मिळाले, तितकी हानी अधिक. हे मूल आळशी नव्हते. ज्या उपचाराने त्याचा जीव वाचला, त्यानेच त्याच्या शिकण्याच्या शक्तीतून आपली किंमत वसूल केली होती.

त्या डॉक्टरांचे मला मोठे वाटते ते येथे. आपल्या हातून मुले वाचली एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून त्यांनी हानीचाही हिशेब मांडला आणि मात्रा उतरवत नेली. २४ ग्रेचे १८ झाले, पुढे किरण फक्त जोखमीच्या मुलांपुरते राहिले. अखेरीस त्याच इस्पितळाने २००० ते २००७ या काळात एकाही मुलाच्या डोक्याला प्रतिबंधासाठी किरण न देता, औषधांचीच नीट आखणी करून उपचार केले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे ५०० मुलांपैकी शंभरी ९३ मुले पाच वर्षांनंतर हयात होती. तेव्हा प्रगती ही नेहमी यंत्र वाढवूनच होते असे नाही. कधी कधी ती यंत्र बंद ठेवूनही होते.

मोठ्या माणसांतही असेच घडले, थोडे उशिरा. पूर्वी मेंदूत रोग गेलेला माणूस फार दिवस जगत नसे. त्यामुळे किरणांची उशिरा दिसणारी हानी पाहायला तो उरतच नसे. माणसे वर्षभर, दोन वर्षे जगू लागली तेव्हा ती दिसली. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असे काही रोगी नोंदवले, की ज्यांच्या मेंदूतील रोग आटोक्यात होता, पण स्मृती गेली होती, चाल बिघडली होती, लघवीचे भान राहिले नव्हते. त्यांना एका हप्त्यात दिलेली मात्रा मोठी होती, हेही त्यांनी दाखवून दिले.

मग सगळ्या शेताला फवारणी न करता ठोंबापुरतीच केली तर? ही कल्पना स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ सालीच मांडून ठेवली होती. लहानपणी आपण भिंगाने उन्हाचा ठिपका करून कागद जाळतो. त्या धर्तीवर अनेक बाजूंनी अगदी बारीक किरण सोडायचे. एकेक किरण वाटेतल्या मेंदूला इजा करण्याइतका जोराचा नाही. पण सगळे जेथे एकवटतात तेथे पेशी मरते. १९६८ साली स्टॉकहोम येथे त्यांचे ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र सुरू झाले. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. नाव सुरीचे, पण कातडीला चीर नाही. ते मुळात वेगळ्या दुखण्यांसाठी केले होते. सीटी व एमआरआय आल्यावर गाठी नेमक्या दिसू लागल्या, आणि मग पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींवर ते मोठ्या प्रमाणात वापरले जाऊ लागले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते मुंबई आणि दिल्ली येथेही आले. आता लिनॅक यंत्रानेही असा नेमका मारा करता येतो.

यंत्र नवे म्हणून ते चांगलेच, असे मानून चालत नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती कशी घेतली हे सांगण्यासारखे आहे. सारख्या अवस्थेतील रोग्यांच्या संमतीने जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, दोन्ही गटांना वेगळे उपचार द्यायचे आणि काय होते ते प्रामाणिकपणे मोजायचे. १९९० साली अमेरिकेतील केंटकी येथे एकच गाठ असलेल्या ४८ रोग्यांची अशी चाचणी झाली. फक्त किरण मिळालेले मध्यमानाने १५ आठवडे जगले. आधी शस्त्रक्रिया करून मग किरण मिळालेले ४० आठवडे. जपानमध्ये २००६ साली चारपर्यंत गाठी असलेल्या १३२ रोग्यांत नेमका मारा एकटा आणि नेमका मारा अधिक सबंध मेंदूचे किरण, अशी तुलना झाली. आयुष्य दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, सात-आठ महिने. मात्र नुसत्या नेमक्या माऱ्यानंतर मेंदूत रोग पुन्हा दिसण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. वर्षभरात ते शंभरी ७६ होते, तर दोन्ही उपचार मिळालेल्यांत ४७.

येथे कोणीही म्हणेल, की मग सबंध मेंदूला किरण द्यावेत हे बरे. पण २००९ साली ह्यूस्टन येथे ५८ रोग्यांच्या स्मृतीची परीक्षा घेण्यात आली. शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. आपण वर्गात घेतो तसलीच परीक्षा. चार महिन्यांनंतर दोन्ही उपचार मिळालेल्यांत शिकण्याची व आठवण्याची शक्ती घटण्याचा संभव सुमारे ५२ टक्के आढळला, तर नुसता नेमका मारा मिळालेल्यांत २४. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हापासून थोड्या गाठी असतील तर नेमका मारा करावा आणि दर काही महिन्यांनी एमआरआय करून नवी गाठ आली का ते पाहत राहावे, असा कल झाला. हे ‘पाहत राहणे’ उपचाराचाच भाग आहे. गावाकडचा रोगी एकदा बरे वाटले की परत फिरकत नाही. त्याला हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

सबंध मेंदूचे किरण यामुळे बाद झाले असे मात्र नाही. गाठी फार असतील तर तेच द्यावे लागतात. पण त्यातही सुधारणा झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. नव्या आठवणी तेथे घडतात. तेवढा भाग वाचवून बाकीच्या मेंदूला किरण द्यायचे आणि जोडीला मेमँटिन नावाचे औषध द्यायचे. २०२० साली ५१८ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला: बुद्धीची हानी कमी, आणि आयुष्यात उणेपणा नाही.

आणि काही वेळा किरण न देणेही योग्य असते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ५३८ रोग्यांची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसाचा रोग मेंदूत पसरलेला, शस्त्रक्रिया किंवा नेमका मारा शक्य नाही, अशी ही माणसे. काहींना सबंध मेंदूचे किरण दिले, काहींना केवळ सूज उतरवणारी औषधे आणि चांगली शुश्रूषा. दोन्ही गट आठ-नऊ आठवडे जगले. त्या दिवसांच्या सुखातही फारसा फरक पडला नाही. वयाने तरुण, अंगाने धड असलेल्यांना कदाचित थोडा लाभ असेल, असे तज्ज्ञ म्हणतात. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला दोन आठवडे रोज गाडीत घालून शहरात नेणे आणि घरी मुलानातवंडांत ठेवणे, यांत निवड करताना हा निकाल नजरेसमोर हवा. घरी ठेवणे म्हणजे उपचार सोडणे, असा अपराधीपणा कोणी बाळगू नये.

आता राहिला पाण्यातून पसरलेला रोग. मोठ्या माणसात तो अतिशय अवघड. पॅटर्सन यांची रीत, म्हणजे डोके आणि सारा कणा, मोठ्या रोग्याला क्ष-किरणांनी देणे जड जाते. कण्याच्या हाडांत रक्त तयार होते. कण्याच्या पुढे हृदय, अन्ननलिका, आतडी आहेत. आणि किरण कण्याशी थांबत नाहीत, आरपार जातात. म्हणून पुष्कळ वर्षे जेथे दुखते, जेथे पाय लुळा पडतो, तेवढ्याच भागाला किरण देत. प्रोटॉन नावाचे कण मात्र वेगळे वागतात. ठरावीक खोलीवर गेले की ते आपली शक्ती तेथे टाकतात आणि थांबतात. वैद्यकात त्यांचा उपयोग करावा असे रॉबर्ट विल्सन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९४६ साली सुचवले होते. न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६३ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. काही भागापुरते साधे किरण मिळालेल्यांत रोग सुमारे २.३ महिने थोपला. डोके व कण्याला प्रोटॉन मिळालेल्यांत ७.५ महिने. आयुष्य सहा महिन्यांवरून जवळजवळ दहा महिन्यांवर गेले. ही चाचणी लहान होती, आणि चार महिने म्हणजे काही जन्म नव्हे. पण ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे त्याला विचारा, चार महिने म्हणजे काय असतात ते.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर परळचे टाटा मेमोरियल इस्पितळ १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याच्या आधाराने चालते. कोबाल्टचे ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच घडवले. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही मिळू लागले. शिवाय मेंदूचा तो बंद दरवाजा ओलांडणारी काही नवी औषधे निघाली आहेत. काही रोग्यांत ती दिली म्हणजे किरण पुढे ढकलता येतात.

श्रोतेहो, एवढ्या इतिहासातून घरी न्यायचे ते काय? ‘मेंदूत गेलं’ हे एकच वाक्य पुरेसे नाही. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: गाठी आहेत की पाण्यात रोग आहे? गाठी किती? शस्त्रक्रिया किंवा नेमका मारा होण्याजोगा आहे का? सबंध मेंदूला किरण द्यायचे तर स्मृती सांभाळण्याची सोय आहे का? एखादे औषध चालेल का? किती खेपा घालाव्या लागतील? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही तो: यातून किती दिवस मिळतील, आणि ते दिवस कसे असतील? हा शेवटचा प्रश्न रोग्याच्या शुद्धीत, रोग्याच्या देखत विचारला जावा. कारण उत्तर त्याच्याच आयुष्याचे आहे.

शिक्षकांना एक वेगळी विनंती आहे. असा मोठा आजार काढून आलेले मूल तुमच्या वर्गात बसले असेल, आणि त्याचे पाढे राहत नसतील, तर छडी उगारण्यापूर्वी त्याच्या आईबापांना त्याच्या उपचारांविषयी विचारा. त्याला थोडा अधिक वेळ द्या, पुढच्या बाकावर बसवा, एकच गोष्ट दोनदा सांगा. इस्पितळात त्याचा जीव वाचला. त्याचे शिकणे वाचवण्याचे काम पुष्कळसे तुमच्याकडे आले आहे.